सीक्वेल म्हणायचं की एसक्यूएल? तांत्रिक नावांच्या उच्चारांचे वाद कुठून येतात

२०१३ साली वेबी पुरस्कारांच्या समारंभात स्टीव्ह विल्हाइट यांचा जीवनगौरव झाला. या समारंभाची रीत अशी की विजेत्याने पाच शब्दांत बोलायचं. विल्हाइट यांनी आपले पाच शब्द पडद्यावर दाखवले. त्यांचा अर्थ एवढाच होता की उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नाही. छोट्या हलत्या चित्रांसाठी आज जगभर ओळखला जाणारा हा फाइलचा प्रकार त्यांच्या चमूने अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत १९८७ साली तयार केला होता. नाव ठेवून सव्वीस वर्षं झाली, तरी ते कसं वाचायचं हे ठेवणाऱ्याला सांगावं लागत होतं. २०२२ साली विल्हाइट वारले. अर्धं जग अजूनही 'गिफ' म्हणतं, आणि आपल्याकडे बरेच जण सरळ 'जीआयएफ' अशी अक्षरं वाचून मोकळे होतात.

संगणकाच्या जगात असे वाद पावलोपावली आहेत. लिनक्स की लायनक्स, सीक्वेल की एसक्यूएल, कॅश की कॅशे, डेटा की डाटा. बाहेरून हे फुटकळ वाटतं. पण मराठी माध्यमातून शिकून या क्षेत्रात आलेल्या मुलामुलींना विचारा. हे शब्द त्यांनी आधी पुस्तकात किंवा पडद्यावर वाचलेले असतात आणि ऐकायला मिळतात ते खूप नंतर, बहुधा पहिल्या मुलाखतीत किंवा पहिल्या नोकरीत. तिथे उच्चार वेगळा निघाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि उत्तर बरोबर असूनही मूल गप्प होतं. हे मी पाहिलं आहे आणि ते मला मनापासून चुकीचं वाटतं. शब्दाचा वेगळा उच्चार ऐकू आला, तर बहुतेक वेळा त्यातून एवढंच कळतं की समोरच्याने तो वाचून मिळवला आहे. शिवाय ज्याला आपण 'बरोबर' समजतो, तो उच्चार तरी कोणी ठरवला हे बघायला गेलं, तर पायाखालची जमीन फारशी पक्की नसते.

मुळातली अडचण रोमन लिपीतच आहे. इंग्रजीत जी या अक्षरापुढे आय आला की काय म्हणायचं याचा पक्का नियम नाही. 'गिफ्ट' आणि 'गिव्ह' मध्ये तो ग आहे, 'जायंट' आणि 'जिंजर' मध्ये ज. त्यामुळे जी-आय-एफ ही तीन अक्षरं समोर आली, की इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा अंदाजच बांधतो. 'गिफ'वाले म्हणतात, पहिलं अक्षर 'ग्राफिक्स' या शब्दाचं, म्हणून ग. वरवर हे पटतं, पण या न्यायाने 'जेपेग' या चित्रांच्या दुसऱ्या प्रकाराचं काय करायचं? त्यातला पी 'फोटोग्राफिक' या शब्दाचा आहे. त्या हिशेबाने 'जेफेग' म्हणायला हवं आणि तसं कोणीच म्हणत नाही.

याचं आणखी चांगलं उदाहरण पुण्यातच आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं जे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्यातल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेत वाढलं, त्याचं नाव 'जिस्ट'. त्यातला जी कशाचा? 'ग्राफिक्स' चाच. तरी ते तंत्रज्ञान वापरणारा कोणीही त्याला 'गिस्ट' म्हणाला नाही, कारण त्या स्पेलिंगचा एक इंग्रजी शब्द आधीच होता आणि त्याचा उच्चार 'जिस्ट' होता. आद्याक्षरं एकत्र आली की नवा शब्द तयार होतो आणि मूळ शब्दांशी त्याचा उच्चारापुरता संबंध तुटतो. म्हणून 'जिफ' आणि 'गिफ' यांतलं कुठलंही एक तर्काने सिद्ध होत नाही. विल्हाइट यांचं म्हणणं मान्य करायचं तर ते त्यांनी नाव ठेवलं म्हणून. त्याला दुसरा आधार नाही.

अक्षरं वाचायची की शब्द म्हणायचा

आद्याक्षरांच्या नावांचं काय करायचं हे आपण मराठीत रोज ठरवत असतो, फक्त त्याकडे लक्ष जात नाही. सिडको आणि म्हाडा हे आपण शब्द म्हणून म्हणतो. एमआयडीसी आणि एसटी ही अक्षरं म्हणून. पुण्यातलं आयुका हा शब्द. सी-डॅक मात्र अर्धा-अर्धा आहे: पहिलं अक्षर सुटं, पुढची तीन मिळून शब्द. हा आराखडा कोणी परिपत्रक काढून ठरवलेला नाही. जिभेला जे जमतं ते टिकतं.

'म्हाडा' हे नाव या दृष्टीने फार सुंदर आहे. एम महाराष्ट्राचा आणि एच हाउसिंगचा. हे दोन शेजारी आले, की मराठी माणसाला तिथे थेट 'म्ह' दिसतो. म्हणजे, म्हैस, म्हातारा असे शब्द ज्याच्या तोंडात लहानपणापासून आहेत त्याला 'म्हाडा' म्हणायला काहीच कष्ट नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हा ध्वनी येतच नाही, त्यामुळे इंग्रजी बोलणारा तिथे अडखळेल. एखादं लघुरूप उच्चारता येतं की नाही, हे त्या अक्षरांइतकंच बोलणाऱ्याच्या भाषेवर अवलंबून असतं.

सॉफ्टवेअरमधलं 'ग्नू' हे याचं उलट बाजूचं उदाहरण. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा हा प्रकल्प जाहीर केला. या नावाचा एक प्राणी आफ्रिकेत आहे आणि इंग्रजीत त्याच्या नावातला ग मुका असतो, म्हणजे उच्चार 'नू'. स्टॉलमन यांचा आग्रह होता की प्रकल्पाचं नाव घेताना ग ऐकू आला पाहिजे, नाहीतर ते 'न्यू' या इंग्रजी शब्दासारखं ऐकू येऊन घोटाळा होईल. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे जोडाक्षर सुरुवातीला जड जातं, म्हणून प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ते कसं म्हणायचं याची समजूत घातलेली आहे. ज्यांच्या भाषेत लग्न आहे, मग्न आहे, अग्नी आहे, त्यांना 'ग्नू' समजावून सांगावं लागत नाही.

काही नावं जिभेला अवघड असूनही शब्द झाली. जुन्या संगणकांत डिस्क जोडण्याची जी पद्धत होती तिचं नाव चार अक्षरांचं, एस-सी-एस-आय. लोकांनी त्याचं 'स्कझी' केलं. याउलट चित्रांचा पीएनजी हा प्रकार. त्याच्या अधिकृत तपशीलपत्रातच लिहिलं आहे की उच्चार 'पिंग' असा करावा. म्हणायला सोपा, करणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला, आणि तरीही तो कोणाच्या तोंडी नाही. संगणक एकमेकांशी जोडलेले आहेत का हे तपासायची एक आज्ञा आधीपासून 'पिंग' नावाने ओळखली जात होती. ती जागा भरलेली होती.

एका व्यापारी नावामुळे सुरू झालेला वाद

सगळ्यांत चिवट वाद एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या नावाचा. हा नीट पाहण्यासारखा आहे, कारण इथे दोन्ही बाजूंकडे खराखुरा इतिहास आहे.

१९७० साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली. कल्पना गणिती होती. ती सर्वसामान्य कर्मचाऱ्याला वापरता यावी म्हणून त्याच प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची एक भाषा बनवली. तिचं लघुरूप सहा अक्षरांचं होतं आणि ते सरळ 'सीक्वेल' असं वाचलं जायचं. १९७४ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बॉइस अकाली गेले.

पुढे कळलं की 'सीक्वेल' हे व्यापारी नाव ब्रिटनमधल्या हॉकर सिडली या विमान उद्योगातल्या कंपनीच्या मालकीचं आहे. आयबीएमने नावातले स्वर गाळले आणि एस, क्यू, एल एवढीच तीन अक्षरं उरली. कागदावर नाव बदललं, पण ज्यांनी ते वापरायला सुरुवात केली होती त्यांच्या तोंडचं बदललं नाही. ते 'सीक्वेल' च म्हणत राहिले आणि त्यांच्याकडून शिकलेले पण. १९८६ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर या भाषेचं प्रमाण ठरलं, तेव्हा नाव तीन अक्षरांचंच होतं.

म्हणजे 'सीक्वेल' म्हणणारा मूळ नाव म्हणतो आणि 'एसक्यूएल' म्हणणारा सध्याचं. दोघांपैकी अडाणी कोणी नाही. प्रत्यक्षात कोण काय म्हणतं हे बहुतेक वेळा तो कुठल्या कंपनीच्या वस्तूवर शिकला यावरून ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर काम करणारे 'सीक्वेल सर्व्हर' म्हणताना सर्रास ऐकू येतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलं आहे की अधिकृत उच्चार सुट्या अक्षरांचा आहे. आणि लगेच पुढे, की 'माय सीक्वेल' म्हटलं तरी आमची हरकत नाही. हा समंजसपणा मला आवडतो. या नावात आणखी एक पदर आहे. त्यातला 'माय' हा इंग्रजीतला 'माझा' नव्हे. ही प्रणाली लिहिणारे मायकेल विडेनियस फिनलंडचे, आणि ते त्यांच्या मुलीचं नाव आहे. स्वीडिश पद्धतीने त्या नावाचा उच्चार 'माय' होत नाही. ओठ गोल करून 'मी' म्हटलं तर जे ऐकू येईल, त्याच्या जवळपास तो जातो. म्हणजे एसक्यूएलच्या आधीच्या दोन अक्षरांवरही भांडता आलं असतं, फक्त ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते रिचर्ड हिप तर तिसराच उच्चार करतात. ते तीन अक्षरं सुटी म्हणून शेवटी खनिजांच्या नावांना असतो तसा 'आइट' लावतात. त्यांच्या दृष्टीने हे एका खनिजासारखं नाव आहे, 'हलकी आवृत्ती' असा अर्थ त्यात नाही. आणि पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसचं नाव १९९६ साली बदलून त्यात एसक्यूएल जोडलं गेलं, तेव्हापासून ते सलग कसं म्हणायचं हा प्रश्न नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पडत आला आहे. लोक अजूनही 'पोस्टग्रेस' च म्हणतात आणि प्रकल्पानेही ते नाव मान्य केलेलं आहे. बर्कलीच्या विद्यापीठातल्या 'इंग्रेस' या प्रणालीनंतरची म्हणून ती 'पोस्टग्रेस' होती. नाव सोपं होतं आणि त्याला अर्थ होता. त्याला शेपूट जोडायला नको होतं असं मला वाटतं.

नाव ठेवणाऱ्याचा शब्द कुठवर चालतो

लिनस टॉरव्हाल्ड्स फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या घरातले. त्यांच्या भाषेत त्यांचं नाव 'लीनुस' असं काहीसं ऐकू येतं. १९९१ साली हेलसिंकीला विद्यार्थी असताना त्यांनी संगणकप्रणालीचा गाभा लिहायला घेतला, तेव्हा त्यांच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होतं. ज्या मित्राने त्या फाइली विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवल्या, त्या आरी लेमके यांना ते आवडलं नाही आणि त्यांनी फोल्डरला वेगळं, म्हणजे आजचं लिनक्सचं, नाव दिलं. तेच टिकलं. पुढे वाद इतका वाढला की टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच्या आवाजातली एक छोटी ध्वनिफीत उपलब्ध करून दिली: मी लिनस टॉरव्हाल्ड्स आणि मी हे नाव असं म्हणतो. त्यात जे ऐकू येतं ते देवनागरीत 'लिनुक्स' किंवा 'लीनुक्स' च्या जवळचं आहे.

मग 'लायनक्स' आलं कुठून? अमेरिकेत लिनस हे नाव 'लायनस' असं उच्चारलं जातं. तिथल्या माणसाने आपल्या ओळखीच्या नावावरून पुढचं नाव काढलं, यात त्याची चूक नाही. 'लिनक्स' हा मधला मार्ग, आणि आज इंग्रजीत तोच सगळ्यांत जास्त चालतो. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की मराठीत 'लिनुक्स' म्हणायला आणि लिहायला काहीच अडचण नव्हती. आपली लिपी ते नाव जसंच्या तसं घेऊ शकते. पण आपल्यापर्यंत ते अमेरिकेमार्गे आलं, म्हणून आपल्याकडे लिनक्स आणि लायनक्स हे दोनच पोहोचले. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू या प्रणालीच्या बाबतीत असं झालं नाही. झुलू आणि खोसा भाषांतला हा शब्द देवनागरीत बिनचूक उतरला, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांत तो 'युबंटू' होत होता तेव्हा मराठीत 'उबुंटू' च म्हटलं जात होतं.

नाव ठेवणाऱ्यांचे स्वभावही वेगवेगळे. विल्हाइट शेवटपर्यंत ठाम होते. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीला रूप देणारे डग्लस क्रॉकफर्ड स्वतः 'जेसन' म्हणतात, पण लोकांनी काय म्हणावं याची आपल्याला पर्वा नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. पुढे त्या पद्धतीचं प्रमाण ठरवणारं पत्रक निघालं तेव्हा तळटीपेत उच्चारही नोंदला गेला. 'एंजिन एक्स' हा वेब सर्व्हर रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली लोकांसमोर आणला. त्याचं स्पेलिंग पाच अक्षरांचं आहे आणि त्यात स्वर एकच, तोही मधोमध. कोणी सांगितल्याशिवाय 'एंजिन एक्स' सुचणं जवळजवळ अशक्य आहे. हे नाव 'एनजिंक्स' असं वाचणाऱ्या नवख्याला मी कधीच टोकणार नाही, कारण त्याने अक्षरं प्रामाणिकपणे वाचली आहेत.

सगळ्यांत जास्त मन लावून उच्चार समजावला तो डोनाल्ड कनूथ यांनी. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डला 'टेख' ही प्रणाली लिहायला घेतली. नावातलं शेवटचं अक्षर एक्ससारखं दिसतं, पण ते ग्रीक 'खी' आहे, आणि त्याचा उच्चार घशात घासून निघणाऱ्या ख सारखा, उर्दूत 'ख़बर' म्हणताना निघतो तसा. बरोबर म्हटलंत तर पडदा किंचित ओला होईल, असं त्यांनी स्वतःच मजेने लिहून ठेवलं आहे. इंग्रजीत हा ध्वनी नाही, म्हणून तिकडे बहुतेक लोक 'टेक' वर थांबतात. ज्याने उर्दू गझल ऐकली आहे त्याला हा ध्वनी परका नाही. त्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी जी प्रणाली बांधली, तिच्या नावाबद्दल मात्र त्यांनी कसलीच सक्ती केली नाही. 'लाटेक' म्हणा किंवा 'लेटेक'.

कनूथ यांच्या आडनावाचं स्पेलिंगही फसवं आहे. इंग्रजीच्या सवयीने त्यातला क मुका वाटतो, पण तो म्हटला जातो. उलट सी भाषेच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचलेले ब्रायन कर्निहॅन यांच्या आडनावातला ग मुका आहे. सर्वांत कमी अंतराचा रस्ता शोधायची रीत देणारे डच शास्त्रज्ञ म्हणजे डाइक्स्ट्रा. त्यांची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक वर्गात ती शिकवली जाते, पण आडनावातले आय आणि जे शेजारी बघून आपल्याकडे त्याचं 'डिज्क्स्ट्रा' होतं. डचमध्ये ती दोन अक्षरं मिळून एकच स्वर आहे, 'आइ' च्या जवळचा. माणसांच्या नावांबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. सॉफ्टवेअरला वाईट वाटत नाही, माणसाचं नाव मात्र त्याचं असतं, म्हणून ते विचारून घ्यावं आणि शिकवणाऱ्याने तर नक्कीच वर्गात पहिल्याच दिवशी सांगावं. परीक्षेच्या तोंडी भागात त्यावरून गुण कापू नयेत, कारण ते कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

तोडलेले शब्द

आता रोजच्या कामातले तोडलेले शब्द. सी भाषेत एका अक्षरासाठी जागा ठेवायची तर 'कॅरेक्टर' या शब्दाची पहिली चार अक्षरं लिहितात. ती वाचायची कशी? मूळ शब्दाशी इमान राखलं तर 'कॅर', स्पेलिंगकडे पाहिलं तर 'चार'. इंग्रजीत दोन्ही चालतात. मराठी वर्गात मात्र 'चार' म्हटलं की आकडा डोळ्यांपुढे येतो. 'इथे चार ॲरे घ्या' असं शिक्षक म्हणाले, तर एक घ्यायचा की चार, असा खराखुरा प्रश्न पडू शकतो. म्हणून मराठीत शिकवताना पूर्ण 'कॅरेक्टर' म्हणणंच सोयीचं.

असंच 'कॅशे' चं. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची ती जागा. मूळ शब्द फ्रेंच, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार पैशाच्या 'कॅश' सारखाच होतो. 'कॅशे' हा उच्चार इंग्रजीच्या कसोटीवर चूक ठरतो, कारण तो दुसऱ्याच शब्दाचा आहे. तरीही मराठी लिखाणात 'कॅशे' रुळत आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. बँकेच्या सॉफ्टवेअरविषयी लिहिताना 'कॅश रिकामी करा' हे वाक्य कोणाच्याही हाती पडू नये. बोलताना इंग्रजी उच्चार ठेवा, लिहिताना एक मात्रा द्या, अर्थ वाचतो.

'सुडो' ही आज्ञा दोन तुकड्यांची आहे: 'सू' म्हणजे वापरकर्ता बदलणं, आणि 'डू' म्हणजे करणं. त्या हिशेबाने 'सूडू'. पण 'स्यूडो' शी साम्य असल्याने 'सूडो' ही तितकंच चालतं. पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामाला 'डीमन' म्हणावं की 'डेमन', मजकुरात नमुने शोधण्याच्या रीतीला 'रेजेक्स' की 'रेगेक्स', लायब्ररीच्या तोडलेल्या रूपाला 'लिब' की 'लाइब', यांवर वेळ घालवू नये. अनेक संगणकांवर चालणारी सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीचं थोडं वेगळं आहे. ग्रीकमध्ये सुकाणू धरणाऱ्याला जे म्हणतात तो हा शब्द, पण आजचा ग्रीक माणूस तो 'कीव्हेर्नीतीस' असा म्हणेल. गूगलने २०१४ साली ही प्रणाली जाहीर केली आणि तिची मुख्य आज्ञा सात अक्षरांची ठेवली, जिचा शेवट सी-टी-एलने होतो. कोणी तिला 'क्यूब कंट्रोल' म्हणतं, कोणी 'क्यूब सीटीएल', कोणी 'क्यूब कटल'. ते तिघेही एकाच खोलीत बसून बिनबोभाट काम करतात.

देवनागरीत लिहिताना

इंग्रजी लेखकाला एक सवलत आहे जी मराठी लेखकाला नाही. तो तीन रोमन अक्षरं लिहितो आणि पुढे जातो. ती कशी म्हणायची हे वाचणाऱ्यावर सोपवलेलं असतं. देवनागरीत गिफ, जिफ किंवा जीआयएफ यांतलं एक लिहावंच लागतं. लिहिता क्षणी आपण बाजू घेतलेली असते. जो वाद इंग्रजीत फक्त बोलताना उघडा पडतो, तो मराठीत छापलेला असतो.

मराठीने यासाठी स्वतःच्या काही सोयी घडवल्या आहेत. हिंदीत 'ऐप' आणि 'बैंक' लिहितात, आपण 'ॲप' आणि 'बँक' लिहितो, कारण तो स्वर आपण चंद्राने वेगळा दाखवतो. इंग्रजीतला दात-ओठांचा ध्वनी आपण 'व्ह' ने लिहितो: व्हर्जन, व्हायरस, व्हिडिओ. ओठांचा गोल ध्वनी साध्या 'व' ने: वेब, विंडोज. हा भेद हिंदी लिखाणात दिसत नाही. तरी सगळं काही लिपी सांगते असंही नाही. मराठीत ज चे दोन उच्चार आहेत, जहाजातला आणि जयमधला, आणि दोघांना अक्षर एकच. 'जावा' ही प्रोग्रामिंगची भाषा जयमधल्या ज ने म्हणायची, पण जाऊबाईंची 'जाव' ज्याच्या ओळखीची आहे त्याचा ज आपोआप जहाजातला होतो. झ चंही तेच: 'झिप' मधला झ आणि 'झिरपणे' मधला झ वेगळे आहेत.

लेखी रूप कोणतं निवडलं याचे परिणाम कानापर्यंत जातात. अंध वाचक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली वापरतात. एनव्हीडीए ही त्यातली मोफत मिळणारी. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी २००६ साली तिचं काम सुरू केलं, आणि तिच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. आपण 'गिफ' लिहिलं तर तो आवाज 'गिफ' च म्हणणार. डोळस वाचक एखादं विचित्र रूप बघून अंदाजाने मूळ नाव ओळखतो. ऐकणाऱ्याला फक्त ध्वनी मिळतो. दुसरा परिणाम शोधण्यावर. मायक्रोसॉफ्टच्या एका सेवेचं नाव मराठीत ॲझर, अझुर, ॲझ्युअर अशा अनेक तऱ्हांनी लिहिता येतं, आणि एका रूपाने शोधलं तर दुसऱ्या रूपातला मजकूर हाती लागेलच असं नाही. विकिपीडियात एका नावावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय आहे. बाकीच्या ठिकाणी हे काम लेखकालाच करावं लागतं.

मराठीत तांत्रिक लिखाण करणाऱ्यांनी म्हणून नाव पहिल्यांदा आलं की दोन्ही रूपं एकदा द्यावीत, 'एसक्यूएल, ज्याला सीक्वेलही म्हणतात' अशी, आणि पुढे एकच रूप शेवटपर्यंत ठेवावं. नाव फक्त घ्यायचं आहे की ते कळफलकावर टाइपही करायचं आहे, हेही पाहावं. लिनक्स हे नाव कसंही लिहिलं तरी वाचकाचं काम अडत नाही. पण आज्ञा त्याला अक्षर न अक्षर टाइप करायची असते, आणि 'क्यूब कंट्रोल' वाचून त्याने 'कंट्रोल' चं पूर्ण स्पेलिंग टाइप केलं तर संगणक ती आज्ञा ओळखणार नाही. तिथे लेखात आणि फोनवरून मदत करतानाही सुटी अक्षरंच सांगावीत: के, यू, बी, ई, सी, टी, एल.